अकरा मिनिटांचे कॅप्टन प्यो

कॅप्टन प्यो संग-उक यांना सेऊलच्या गिंपो विमानतळावर ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि धावपट्टीकडे जाताना ज्याचं विमान एकदा तरी त्यांच्या विमानामागे अडकलं असेल असा वैमानिक तर त्यांना जन्मात विसरणार नव्हता. नियमपुस्तकात लिहिलं होतं की जमिनीवर वळताना विमान दहा नॉटच्या वेगावर न्यायचं नाही. बाकीचे वैमानिक हे वाक्य परीक्षेपुरतं वाचून पुढे पंधरानं वळत. कॅप्टन प्यो दहानं वळत. उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारून चाकं तपासायची, तर बाकीचे चाकाकडे बघत पुढे जात. हे गुडघ्यावर बसून एकेका चाकाची विचारपूस करत. सहवैमानिक त्यांना पाठीमागे 'गोगलगाय' म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं. त्यांनी आक्षेप घेतला नाही. गोगलगायीचा अपघात झाल्याचं आपल्या ऐकिवात नाही, एवढंच ते म्हणाले.

घरीही तोच प्रकार. रामेनच्या पाकिटावर साडेचार मिनिटं उकळा असं लिहिलेलं असेल, तर हा सत्तावन्न वर्षांचा माणूस घड्याळ हातात धरून पातेल्यापाशी उभा राही.

"अहो, ज्यानं हे पाकिटावर छापलं ना, त्यानंसुद्धा घरी कधी घड्याळ लावलं नसेल," त्यांची बायको यॉन-सिल म्हणायची.

"म्हणून त्याच्या शेवया चिकट होत असतील," कॅप्टन म्हणायचे.

या सगळ्याचा परिणाम असा की गिंपो ते जेजू बेट हे तासाभराचं अंतर कापून कॅप्टन प्यो यांचं विमान बावीस वर्षं न चुकता अकरा मिनिटं उशिरा पोचत आलं. दहा नाही, बारा नाही. त्यांची कंपनी दोलसान एअर दर वर्षी सुरक्षा दिनाला त्यांना 'नियमपालनाचा आदर्श' असं कोरलेलं काचेचं सन्मानचिन्ह देई, आणि दुसऱ्या दिवशी वेळापत्रक विभागाचा मुख्य त्यांना बोलावून उशिराबद्दल झापे. एका हातानं पाठ थोपटायची आणि दुसऱ्यानं कान पिळायचा, असं बावीस वर्षं चाललं. काढून टाकणं मात्र जमेना, कारण 'नियम जरा कमी पाळा' हे कागदावर लिहून द्यायला कुणी तयार नव्हतं.

तर अशा या माणसावर कंपनीशी गद्दारी आणि वैमानिकांच्या संघटनेशी गद्दारी, हे दोन्ही आरोप एकाच महिन्यात आले. झालं ते पगारापायी.

दोलसान एअर आणि गारम एअर या दोन्ही कंपन्यांची विमानं एकाच जातीची, मार्ग एकच, जेजूच्या धावपट्टीवर आडवा येणारा वाराही एकच. पण गारमच्या कॅप्टनला पगार शेकडा एकोणीस जास्त. हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं, पण संघटनेनं शरद ऋतूत त्याचा तक्ता करून भिंतीवर लावला आणि तेव्हापासून कुणाला जेवण गोड लागेना. संघटनेचं कार्यालय एका भात-कढणाच्या खानावळीच्या माडीवर होतं, त्यामुळे वाद वर सुरू होई आणि खाली वाटीवर संपे, किंवा संपत नसे.

"गारमशी कसली तुलना करता? चीनमध्ये दुप्पट-तिप्पट देतात!" एक जण ओरडे.

"मग जा की चीनला. तिथलं जेवण पहिल्याच दिवशी तुझं पोट बिघडवेल."

"स्वस्त तिकिटांच्या कंपन्यांशी तुलना करा, म्हणजे आजचा पगार बघून डोळ्यांत पाणी येईल."

"तू नक्की कुणाच्या बाजूचा आहेस रे?"

एकदा या गोंधळात कॅप्टन प्यो यांनी हात वर केला. हात वर करून बोलणारे तिथे तेच एकटे. ते म्हणाले, "पगाराची तुलना करता, तशी तासांचीही करा. गारमवाले महिन्याला चार तास कमी उडतात. म्हणजे फरक एकोणीस टक्क्यांचा नाही, पंचविसाच्या आसपास जातो." सगळी माडी दणाणली. संघटनेचा सचिव गुक दोंग-चॉल यानं तर त्यांना मिठीच मारली. हा गुक बेचाळीस वर्षांचा, एके काळी त्यांच्याच शेजारी बसून विमान शिकलेला, आणि तेव्हा त्यांच्या संथपणाला सर्वांत जास्त शिव्या देणारा. "दादा, तुम्ही आमचा हिरा आहात!" तो म्हणाला. हे वाक्य लक्षात ठेवावं, कारण त्यानं ते स्वतः लवकरच विसरायचं ठरवलं.

कॅप्टन प्यो यांना या फरकाचा चटका इतरांहून जास्त बसायला एक घरगुती कारणही होतं. त्यांची एकुलती एक मुलगी हे-रिन हिनं लग्न ठरवलं, ते नेमकं गारम एअरच्या कॅप्टनच्या मुलाशी. मुलगा जू-हन शांत, दातांचा डॉक्टर. बाप बांग चांग-गिल मात्र नऊ वर्षं गारममध्ये, आणि त्यातली आठ हेच सगळ्यांना सांगण्यात घालवलेला.

फेब्रुवारीत दोन्ही घरांची पहिली भेट एका चांगल्या हॉटेलात झाली. एकवीस पदार्थांचं जेवण, सगळे ताठ बसलेले. बांग यांनी तिसऱ्या पदार्थाला टोमणे मारायला सुरुवात केली.

"काय हो व्याहीबुवा, दोलसानमध्ये अजून तोच जुना पगार? एवढ्यावर तुम्ही उडता तरी कशाला? चालत जा की जेजूला!"

"मध्ये समुद्र आहे," कॅप्टन प्यो म्हणाले.

यॉन-सिलनं टेबलाखालून नवऱ्याच्या पायावर पाय ठेवला. कॅप्टन प्यो यांना बिल आपणच द्यायचं होतं. मुलीकडचा मान म्हणून नव्हे, या माणसासमोर द्यायचं होतं. पण त्यांच्या समजुतीप्रमाणे बिल जेवण संपल्यावर मागायचं असतं. फळं आली, चहा आला, कॅप्टन प्यो उठून गल्ल्यापाशी गेले, तेव्हा कळलं की बांग बाराव्या पदार्थाला हात धुवायला म्हणून गेले होते आणि पैसे भरून आले होते. "राहू द्या हो, आपल्यात कसला हिशेब! तुम्हाला वाढ मिळाली की तुम्ही द्या," बांग सर्वांसमोर म्हणाले. कॅप्टन प्यो यांचे कान लाल झाले ते घरी येईपर्यंत लालच होते.

लग्न मे महिन्यातल्या एका शनिवारी ठरलं. हॉल सेऊलमधला, वेळ साडेबाराची. दीड वाजता त्याच हॉलमध्ये पुढचं लग्न. तारीख ठरली त्या रात्री यॉन-सिलनं मनातली गोष्ट बोलून दाखवली. आमच्याकडच्या लग्नांत हॉलची डावी बाजू एका घराची, उजवी दुसऱ्या घराची. दाराबाहेर दोन्हीकडच्यांनी पाठवलेले, रिबिनीवर नावं लिहिलेले फुलांचे मनोरे ओळीनं उभे राहतात, आणि ते न मोजता आत जाणारा पाहुणा अजून जन्माला यायचा आहे.

"त्यांच्याकडे निम्मी गारम कंपनी येईल," ती म्हणाली. "आपल्याकडचे नातेवाईक धरून-बांधून तीस. बाकीच्या सव्वाशे खुर्च्या तुमच्या लोकांवर आहेत. येतील ना हो?"

"मी त्यांच्या प्रत्येक लग्नाला गेलो आहे," कॅप्टन म्हणाले. "वेळेवर."

एप्रिलमध्ये वाटाघाटी फिसकटल्या. कायद्यामुळे आमच्याकडे विमानवाल्यांना धड संपही करता येत नाही, बहुतेक विमानं उडती ठेवावी लागतात. म्हणून संघटनेनं जुनाच डाव काढला. सचिव गुक लाल जाकीट घालून टेबलावर चढला.

"बंधूंनो! उद्यापासून प्रत्येकानं नियमपुस्तकातली प्रत्येक ओळ पाळायची! वळणावर दहा नॉट म्हणजे दहा! प्रत्येक चाक तपासायचं! एक ओळ गाळायची नाही! बघू कंपनीचं वेळापत्रक कसं टिकतं ते!"

घोषणा थांबल्यावर कॅप्टन प्यो यांनी हात वर केला. "आणि आंदोलन कधी सुरू करायचं?"

माडी हसून हसून आडवी झाली. एकटे कॅप्टन प्यो हसले नाहीत, कारण त्यांना खरोखरच तारीख हवी होती.

दोन आठवड्यांत गिंपोवर विमानांच्या रांगा लागल्या. प्रवासी वैतागले, कंपनी हादरली, संघटना खूश. आपला जोर दाखवायला गुकनं एक नवा तक्ता काढला: आंदोलनामुळे कुणाच्या विमानाचा उशीर किती मिनिटांनी वाढला. कुणाचा नऊनं, कुणाचा अकरानं, कुणाचा तेरानं. दोनशे चाळीस नावांच्या त्या यादीत एकाच नावापुढे शून्य होतं.

लोकांनी शून्य पाहिलं आणि पुढचा विचार बंद केला. पगारवाढ मागताना सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या घेणारा माणूस आंदोलनात नावालाही हलला नाही, म्हणजे कंपनीनं त्याला खिशात घातला. ती सन्मानचिन्हं काय उगाच मिळतात? गुक त्यांच्या घरीच आला. या वेळी 'दादा' नव्हतं.

"कॅप्टन प्यो, हे शून्य काय आहे?"

"मी सगळे नियम पाळतो आहे."

"मग वेळ वाढत कशी नाही?"

"अजून कुठला नियम उरला असेल तर सांग, तोही पाळतो."

गुकनं डोक्याला हात लावला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघा, दोनच मिनिटं. वळणावर दहाऐवजी आठनं जा. शून्य पुसलं जाईल, मी सगळ्यांना सांभाळून घेतो."

"नियमापेक्षा हळू?"

"हो!"

"म्हणजे मागच्या विमानांना विनाकारण अडवायचं. नियम दहाचा आहे, गुक. आठ हा नियम नाही, आठ हा खोडसाळपणा आहे."

हे-रिन स्वयंपाकघरात सफरचंद कापत होती, तिनं हे सगळं ऐकलं. गुक पायांत बूट सरकवत दारातूनच म्हणाला, "मग शनिवारच्या लग्नाला आमच्याकडून कुणाची वाट पाहू नका," आणि गेला. दुसऱ्या दिवशी फुलवाल्याचा फोन आला की वैमानिक संघटनेचा फुलांचा मनोरा रद्द झाला आहे, आगाऊ रक्कम कुणाला परत करायची?

यॉन-सिल रडली नाही, तिनं उपाय शोधला. आमच्याकडे भाड्यानं लग्नाचे पाहुणे मिळतात. नीट कपडे घालून येतात, टाळ्या वाजवतात, फोटोत उभे राहतात, जेवून जातात.

"साठ माणसं मिळतायत," ती म्हणाली. "पन्नाशीचे, कॅप्टनसारखे दिसणारे. थोडे जास्त दिले की बोलतातही."

"परवाना नसलेला माणूस कॅप्टन म्हणून बसवायचा?" कॅप्टन प्यो म्हणाले. "जमणार नाही."

"खुर्चीवर बसायचंय हो त्यांना, विमानात नाही!"

"बाबा, राहू द्या रिकाम्या खुर्च्या," हे-रिन म्हणाली. "मला चालतील." पण ती ताटाकडे बघत म्हणाली, आणि कॅप्टन प्यो यांना त्या रात्री झोप लागली नाही. आठ नॉट, फक्त आठ नॉट, असं ते अंधारात स्वतःशी म्हणत राहिले. सकाळी त्यांनी विमान दहानंच वळवलं.

लग्नाच्या आठवड्यातल्या मंगळवारी पगाराच्या भांडणाची सुनावणी मध्यस्थ बाईंपुढे होती. सॉक नावाच्या या बाई पूर्वी प्राध्यापिका होत्या आणि चष्म्यावरून बघायच्या. कंपनीचा मुद्दा असा की हे नियमपालन नाही, मुद्दाम केलेली संथगती आहे, आणि असल्या लोकांना वाढ कसली, दंड करा. पुरावा म्हणून कंपनीनं साक्षीदार बोलावला तो कॅप्टन प्यो. नियम क्रमांक एक्केचाळीसप्रमाणे बोलावणं आलं तर जावं लागतं, म्हणून ते गेले. काखेत एक मोठं जड गाठोडं होतं. संघटनेच्या बाकावरून कुणीतरी "या, कंपनीचे जावईबापू" असं मोठ्यानं म्हणालं.

कंपनीच्या वकिलानं संघटनेचाच तक्ता हवेत फडकवला. "पाहा, कॅप्टन प्यो नियम पाळतात आणि यांचा उशीर एका मिनिटानंही वाढलेला नाही! म्हणजे नियम पाळूनही विमान नेहमीच्या वेळेत नेता येतं. मग बाकीचे दोनशे एकोणचाळीस काय करत होते?"

गुकनं मान खाली घातली.

सॉकबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कॅप्टन प्यो, तुमची वेळ का वाढली नाही?"

"कारण मी आधीपासूनच नियम पाळत होतो."

"म्हणजे कधीपासून?"

"बावीस वर्षांपासून."

"आणि नियम पाळून तुमचं विमान वेळापत्रकाप्रमाणे पोचतं?"

"नाही. अकरा मिनिटं उशिरा पोचतं. नेहमी."

वकिलाचं हसू होतं तिथेच थांबलं. सॉकबाई संघटनेच्या बाकाकडे वळल्या. "आंदोलनात इतरांचा सरासरी उशीर किती?"

गुकनं कागद उलटे केले, सुलटे केले, आणि म्हणाला, "अकरा."

दोनशे एकोणचाळीस शिकलीसवरलेली माणसं, आभाळातून बेट शोधून काढणारी, आणि त्यांनी वाढलेली मिनिटं मोजली, मूळची मोजलीच नव्हती. ती सगळी मिळून दोन आठवडे फक्त कॅप्टन प्यो झाली होती.

"कंपनीचं म्हणणं असं दिसतं," सॉकबाई शांतपणे म्हणाल्या, "की असं विमान चालवणं हा गुन्हा आहे. कॅप्टन, तुम्हाला याबद्दल कधी शिक्षा झाली?"

कॅप्टन प्यो यांनी गाठोडं सोडलं. काचेची बावीस सन्मानचिन्हं टेबलावर ओळीनं मांडली आणि पहिल्यापासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. चौथ्यानंतर वकील म्हणाला, "ही तर कंपनीशी गद्दारी आहे! सगळी वाचायची गरज नाही." कॅप्टन म्हणाले, "मधली गाळली तर क्रम चुकेल," आणि वाचत राहिले. प्रत्येकावर खाली कंपनीच्या अध्यक्षांची सही होती. सुनावणी अकरा मिनिटं उशिरा संपली, हे घड्याळ बघून गुकनंच सांगितलं.

गुरुवारी संध्याकाळी करार झाला. एकोणीस मागितले होते, तेरा मिळाले. अर्धी संघटना म्हणाली जिंकलो, अर्धी म्हणाली विकले गेलो, आणि वाद खालच्या खानावळीत सुखरूप पोचला. मंगळवारी मात्र सुनावणीच्या दाराशी गुक कमरेतून पार वाकला होता. "दादा," एवढंच म्हणाला. लग्नाचं काही बोलला नाही, आणि कॅप्टन प्यो यांच्या तोंडून ते विचारलं गेलं नाही. येता का म्हणून विचारायची त्यांना लाज वाटली, आणि घरी आल्यावर न विचारल्याची त्याहून जास्त वाटली.

शनिवारी सव्वाबाराला बांग यांची बाजू काठोकाठ भरली होती. दाराबाहेर त्यांचे फुलांचे मनोरे अठ्ठावीस. कॅप्टन प्यो यांचे तीन, त्यातला एक यॉन-सिलच्या योगवर्गाचा. डाव्या बाजूला तीस नातेवाईक मुद्दाम एकेक खुर्ची सोडून बसले होते, तरी जागा भरल्यासारखी दिसेना. कॅप्टन प्यो दारापाशी पांढरे हातमोजे घालून उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येक गारमवाल्याला वाकून नमस्कार करत होते.

"तेरा मिळाले म्हणे, व्याहीबुवा," बांग जवळ येऊन म्हणाले. मग इकडेतिकडे बघून हळूच, "एक विचारू? आम्हाला एका दमात तेरा कधीच मिळाले नाहीत, असं आमची संघटना म्हणतेय. तो तुमचा पगाराचा तक्ता मिळेल का?"

एरवी या वाक्यावर कॅप्टन प्यो महिनाभर जगले असते. आज त्यांचं लक्ष लिफ्टच्या दाराकडे होतं. बारा वीस झाले. बारा पंचवीस.

बारा सव्वीसला दार उघडलं आणि आतून गुक उतरला, त्याच्या मागे सहा जण. दुसरं दार उघडलं, आणखी नऊ. मग जिन्यावरून धापा टाकत माणसं यायला लागली, ती थांबेनाच. काळे सूट, नीट भांग, आणि शेवटच्या चौघांच्या खांद्यावर वैमानिक संघटनेचा तो रद्द झालेला फुलांचा मनोरा, फुलवाल्याकडून स्वतः उचलून आणलेला.

"इतका उशीर?" कॅप्टन प्यो म्हणाले.

"दादा, खाली पार्किंगमध्ये ताशी दहाची पाटी होती," गुक म्हणाला. "पन्नास गाड्या. एकानंही मोडली नाही."

सव्वाशे खुर्च्या भरल्या, वीस जण भिंतीला टेकून उभे राहिले. दिवे मंद झाले, पियानो सुरू झाला, आणि कॅप्टन प्यो मुलीचा हात हातात घेऊन पंचवीस मीटरच्या त्या पांढऱ्या वाटेवर उतरले. समोर टोकाला जू-हन उभा होता. तालमीत सांगितलं होतं, प्रत्येक ठोक्याला एक पाऊल.

दहा पावलांनंतर पियानोवालीनं मागे वळून पाहिलं. पंधरानंतर तिचं गाणं संपलं आणि तिनं ते पुन्हा पहिल्यापासून धरलं. दाराशी हॉलचा व्यवस्थापक कानात यंत्र घालून दोन्ही हातांनी 'पुढे, पुढे' अशा खुणा करू लागला, कारण बाहेर दीडची नवरी येऊन बसली होती. गारमवाले एकमेकांकडे बघू लागले. डावी बाजू मात्र अगदी निवांत होती. त्यांना हा वेग पाठ होता. नंतर एकेकानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि तेही जरा चमकले. जू-हननं न राहवून दोन पावलं पुढे टाकली आणि बापानं त्याला मागे ओढलं.

हे-रिननं ओठ न हलवता हळूच म्हटलं, "बाबा, हे तर नियमापेक्षाही हळू चाललंय."

"हो," कॅप्टन प्यो म्हणाले. "आठ."

आणि त्यांनी पुढचं पाऊल आणखी सावकाश टाकलं.